अ‍ॅक्सेसचं अटॅचमेंट फील्ड: कागद पोटात घ्यायचे की नुसता पत्ता लिहून ठेवायचा

पहिलंच सांगतो, मी कॉम्प्युटर इंजिनिअर वगैरे कोणी नाही. शाहूपुरीत एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात कारकून आहे, टायपिंग, तारखांची डायरी, नकला काढणं आणि झेरॉक्सला पळणं हे माझं काम, आणि त्यातूनच गरज पडली म्हणून नोंदींचे तक्ते ठेवायचा डेटाबेस प्रोग्रॅम, मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस शिकलो. साहेबांच्या कॉम्प्युटरवर ऑफिससोबत ते आधीपासून होतं, कोणी कधी उघडलं नव्हतं. सहा वर्षं झाली वापरून, तेव्हा हा रिव्ह्यू अनुभवातला आहे, ऐकीव नाही. सगळ्या अ‍ॅक्सेसचा नाही हां, फक्त एकाच प्रश्नाचा: स्कॅन केलेल्या फायली डेटाबेसच्या आत ठेवायच्या का बाहेर फोल्डरमध्ये ठेवून आत फक्त त्यांचा पत्ता लिहायचा.

सुरुवात २०१९ च्या पुरानं झाली. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पंचगंगेची पातळी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं, त्या ऑगस्टमध्ये ती त्याच्याही कितीतरी वर गेली आणि आमचं ऑफिस तळमजल्यावर. लोखंडी कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात. पाणी उतरल्यावर आम्ही चार दिवस सुतळ्या बांधून चिमटे लावून कागद वाळवत बसलेलो, खाली पंखा. एक गोष्ट त्यात बघितली ती अजून डोक्यातून जात नाही, आजोबा-पणजोबांच्या काळातले मोडी कागद होते त्यांची शाई जशीच्या तशी, आणि परवा-परवा जेल पेननं लिहिलेल्या नोंदी धुऊन निळं पाणी झालेल्या. साहेब म्हणाले, "आता सगळं स्कॅन कर, एकपण कागद सोडू नकोस." मग मी बसलो.

तर अटॅचमेंट फील्ड. अ‍ॅक्सेस २००७ पासून आलंय, एसीसीडीबी या नव्या प्रकारच्या डेटाबेस फाइलीत चालतं, जुन्या एमडीबीत नाही. टेबलात एक रकाना असतो त्यात पेपरक्लिपचं चित्र दिसतं, त्यावर डबल क्लिक, अ‍ॅड, फाइल निवडा, ओके. झालं. एकाच नोंदीत कितीपण फायली टाकता येतात, म्हणजे एका पक्षकाराच्या एका गटाच्या नोंदीत सातबारा, आठ अ, फेरफार, खरेदीखत, मोजणी नकाशा सगळं एका क्लिपखाली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं नाद खुळा, अजून काय पाहिजे माणसाला. साहेबांना दाखवलं, तेपण खूश. सगळं ऑफिस एका फाइलीत, पेनड्राइव्हवर ती एक फाइल कॉपी केली की बॅकअप झाला, फाइल हरवायचा प्रश्नच नाही कारण सुटी फाइल कुठं राहतेच आहे.

ही मजा साधारण पाच महिने टिकली.

अ‍ॅक्सेसच्या एका डेटाबेस फाइलीला २ जीबीची मर्यादा आहे, त्यातपण थोडी जागा त्याच्या स्वतःच्या सिस्टीमच्या वस्तूंना जाते. हे काय लपवलेलं नाही, मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं, चूक माझी. आता हिशोब बघा, आमच्याकडं चाळीस पानांचं खरेदीखत रंगीत ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं की पीडीएफ १८ एमबीच्या घरात जाते, म्हणजे असली एकशे दहा-बारा खरेदीखतं झाली की घडा भरला. मोडी कागद तर मी ६०० डीपीआयला केलेले, कारण मोडी वाचणारे काका म्हणाले अक्षर फोडून बघावं लागतं. एका शनिवारी संध्याकाळी फाइल घ्यायची बंद झाली. मी कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवलं, परत चालवलं, दहा-वीस एमबी कमी झाले बस. नंतर कळलं की कॉम्पॅक्टनं फक्त पुसलेल्या गोष्टींची रिकामी जागा परत मिळते, आमच्यात पुसलेलं काही नव्हतंच, सगळा मालच होता. अ‍ॅक्सेस आत घेताना फायली दाबून (कॉम्प्रेस करून) घेतं असं म्हणतात ते खरं आहे पण जी आधीच दाबलेली असते, म्हणजे जेपीजी किंवा बऱ्याचशा स्कॅनच्या पीडीएफ, त्यात अजून काय दाबणार.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. अटॅचमेंटमधला वर्डचा मसुदा डबल क्लिक करून उघडला की तुम्ही उघडता ती तात्पुरत्या फोल्डरमधली कॉपी असते. त्यात दुरुस्ती करून वर्डमध्ये सेव्ह केलं तरी ती आत गेलेली नसते, परत अ‍ॅक्सेसवर येऊन त्या अटॅचमेंटच्या खिडकीत ओके म्हटलं की मग आत जाते. आमच्या ज्युनिअर मॅडमनी एक कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, दुपारभर दुरुस्त केली, वर्डमध्ये सेव्ह केली, अ‍ॅक्सेस बंद केलं आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी उघडली तर कालची जुनीच. त्या माझ्याकडं बघायल्यात, मी स्क्रीनकडं. टेंप फोल्डर उकरून शेवटी सापडली ती, पण त्या दिवसापासून मॅडमनी अ‍ॅक्सेसमध्ये काहीपण ठेवायचं सोडून दिलं, सगळं त्यांच्या डेस्कटॉपवर.

आणि बाहेर काढणं? एका नोंदीतलं सगळं एकदम सेव्ह ऑल करता येतं, पण हजारभर नोंदी असतील तर एकेक क्लिप उघडत बसा नाहीतर व्हीबीए, म्हणजे ऑफिसच्या प्रोग्रॅमांतली कोड लिहायची भाषा, ती लिहा. अटॅचमेंटचा रकाना नंतर साध्या रकान्यात बदलतापण येत नाही. उद्या एसक्यूएल सर्व्हरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसवर, न्यायचं म्हटलं तर हे अटॅचमेंट सरळ तिकडं जात नाहीत, आधी उपसावेच लागतात. मी सेव्ह-टू-फाइलवाला कोड इकडून तिकडून जमवून एका रविवारी सगळ्या उपसल्या, आणि तेव्हा लक्षात आलं की आत टाकणं आणि बाहेर काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, गूळ चिकटतो तसं चिकटलं होतं सगळं.

जुन्या पद्धतीचं ओएलई ऑब्जेक्ट फील्डपण आहे, त्याबद्दल दोनच वाक्यं. साहेबांच्या आधीच्या कारकुनानं पक्षकारांचे फोटो त्यात ठेवलेले एक एमडीबी होतं, तीनशे केबीचा फोटो आत गेला की त्याचं बिटमॅपसारखं कच्चं चित्र सोबत साठायचं, आणि कच्चं म्हणजे ए-फोर रंगीत ३०० डीपीआयचं एक पान २५ एमबीच्या पुढं जातं, म्हणून त्या फायली अशा फुगायच्या. नव्यानं काही करणाऱ्यानं तिकडं बघूच नये.

मग लिंक.

इथं माझी दुसरी चूक. लिंक म्हणजे हायपरलिंक फील्ड असं समजून मी तेच घेतलं, निळं दिसतं, क्लिक केलं की उघडतं, झकास. पण हायपरलिंक फील्ड आतमध्ये जे साठवतं ते एका ओळीत असतं: आधी दिसायचं नाव, मग हॅशची खूण (#), मग पत्ता, मग परत हॅश. आता आमच्या ऑफिसात गट नंबर कसा टाइप करायची सवय? "गट#२१२". फाइलींची नावंपण तशीच. झालं की, हॅश दिसला की त्याला वाटायचं पत्ता संपला, पुढचं नाव कापलं. साडेतीनशे लिंकांपैकी काही उघडतात काही नाही, आणि का ते कळायला मला दोन दिवस लागले, कारण दिसायला सगळ्या सारख्याच निळ्या. शिवाय क्लिक केलं की सुरक्षेची सूचना येणार, साहेब दर वेळी विचारणार, "हे काय म्हणतंय रे, व्हायरस आला का?"

नंतरचा घोळ ड्राइव्हच्या अक्षराचा. माझ्या मशीनवर सामाईक फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला, मॅडमच्या मशीनवर वाय. मी टाकलेली लिंक त्यांच्याकडं मेली, त्यांनी टाकलेली माझ्याकडं. हे टाळायला पूर्ण नेटवर्कचा पत्ता लिहितात, मशीनच्या नावासकट, पण मग मशीन बदललं की परत सगळं रडगाणं.

शेवटी जे जमलं आणि आजपण चाललंय ते असं. साधा शॉर्ट टेक्स्ट रकाना, २५५ अक्षरं मावतात, त्यात अर्धाच पत्ता, म्हणजे "००३\३१४७.पीडीएफ" एवढंच. मुळाचा फोल्डर कुठं आहे ते एका वेगळ्या छोट्या टेबलात, एकच ओळ. फॉर्मवर बटण, बटण दाबलं की कोड दोन्ही जोडून फाइल उघडतो. ऑफिस हलवलं, डिस्क बदलली, तर ती एक ओळ बदलायची, सगळ्या लिंका जिवंत. पत्ता लहान राहतो म्हणून विंडोजच्या २६० अक्षरांच्या जुन्या मर्यादेतपण अडकत नाही, नाहीतर आमच्याकडं फोल्डरांची नावं बघितली असती तुम्ही, "मौजे अमुक ता. करवीर येथील गट नं. तमुक बाबत दिवाणी दावा नवीन फायनल शेवटचे" आणि त्याच्या आत तसलंच अजून एक.

फाइलीचं नाव म्हणजे नुसता दस्त क्रमांक, आणि एकदा दिलं की कोणी बदलायचं नाही. हा नियम लावायला जेवढा जीव गेला तेवढा कोड लिहायला नाही गेला. कारण लिंकची सगळ्यात मोठी खोट हीच, एक्सप्लोररमध्ये कोणी फोल्डरचं नाव बदललं तर अ‍ॅक्सेसला त्याचा पत्ताच नसतो. एकदा साहेबांनी स्वतःच एका रविवारी निवांत बसून फोल्डर "नीट लावले", त्यांच्या मते, पक्षकाराच्या नावानं. सोमवारी तीनशे लिंका गेल्या. साहेबांना काय बोलणार, मी म्हटलं, "साहेब, यादीत नाव शोधायचं, फोल्डरमध्ये नाही." ते म्हणाले, "अरे पण मला फोल्डर उघडल्यावर कळायला नको होय कोणाचं काय आहे?" त्यांचंपण चूक नाही, आकड्यांचा फोल्डर उघडला की काहीच कळत नाही, आणि डेटाबेस कधी बिघडला तर ३१४७ म्हणजे काय हे ब्रह्मदेवालापण सांगता येणार नाही. म्हणून आता दर महिन्याला यादी एक्सेलमध्ये काढून त्याच मुळाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, आकडा, पक्षकार, गट, दस्ताचा प्रकार. साहेबांचं समाधान आणि माझंपण.

लिंक जिवंत आहे का हे रोज तपासायला पाहिजे, हे मी ठासून सांगेन, नाहीतर लिंकच्या नादाला लागू नका. मी एक छोटा कोड केलाय जो रात्री निघताना चालवतो, प्रत्येक नोंदीची फाइल जागेवर आहे का बघतो, नसेल ती ओळ लाल. त्यातपण एक मराठी लोकांसाठी खास खड्डा आहे. व्हीबीएचं डिर फंक्शन देवनागरी नावं वाचत नाही, त्याला सगळीकडं प्रश्नचिन्हं दिसतात. पहिल्यांदा, नावांचे आकडे व्हायच्या आधी, चालवलं तर मराठी नावाच्या झाडून सगळ्या फायली हरवल्या म्हणून सांगितलं, माझ्या पोटात गोळा. फायली तर समोर दिसतायत! मग फाइल सिस्टीम ऑब्जेक्ट वापरलं, ते मराठी नावं बरोबर वाचतं. मेसेज बॉक्सचंपण तेच रडगाणं, मराठी लिहिलं की प्रश्नचिन्हं, म्हणून मी सूचना फॉर्मवरच्या लेबलात दाखवतो, तिथं देवनागरी नीट दिसते.

आता आत ठेवण्याच्या बाजूनंपण बोलतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. आमच्या धंद्यात एक गोष्ट फार महत्त्वाची, कागद त्या दिवशी जसा होता तसाच राहिला पाहिजे. सातबारा आज काढला आणि सहा महिन्यांनी काढला तर नोंदी बदललेल्या असतात, आम्ही सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या तपासणीचा अहवाल, ज्या सातबाऱ्यावरून दिला तोच हातात पाहिजे. आत ठेवलेली फाइल सहजासहजी कोणी बदलत नाही. बाहेरच्या फाइलीवर कोणीपण त्याच नावानं नवीन स्कॅन चढवतो आणि लिंक बिचारी हसत हसत नवीन फाइल उघडते, तिला काय कळतंय. आमच्याकडं हे खरंच झालं, ऑफिसातल्या मामांनी ताजा सातबारा स्कॅन केला आणि जुन्याच क्रमांकानं सेव्ह केला, भल्या मनानं, "नवीन आहे की, बरंच की" म्हणून. आता नोंदीत मी फाइलीचा आकार आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवतो आणि रात्रीचा तपास तेपण ताडून बघतो, जुळलं नाही तर ओळ पिवळी. आणि पक्क्या दस्तांचा फोल्डर सगळ्यांना फक्त वाचण्यापुरता, लिहायची परवानगी माझ्याच लॉगिनला.

दुसरा मुद्दा गुप्ततेचा. एसीसीडीबीला पासवर्ड लावला की सगळी फाइल कूटबद्ध होते, आतल्या अटॅचमेंटसकट. बाहेरचा फोल्डर उघडाच राहतो, ज्याच्या हातात डिस्क त्याच्या हातात पक्षकाराचं सगळं घर. आम्ही डिस्कच बिटलॉकरनं बंद केली, पण त्यासाठी विंडोज प्रो लागतं, ते घेताना साहेबांनी जरा तोंड वाकडं केलं.

वेगाबद्दल लोक लई भांडतात. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांचा २००६ चा एक अभ्यास आहे, त्यात त्यांच्या मोजणीत २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या आणि १ एमबीच्या वरच्या फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे बाहेर साध्या फोल्डरात, बऱ्या असं निघालं. तो अभ्यास एसक्यूएल सर्व्हरवरचा, अ‍ॅक्सेसचा नव्हे, तरी अंदाज यायला पुरतो. एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसवालेपण साधारण १०० केबीच्या आतलं आत ठेवा असंच म्हणतात. आमच्या तीन मशीनच्या ऑफिसात वेग हा मुद्दाच नाही, पण आकाराची ती रेघ मला पटली. म्हणून पक्षकाराचा पासपोर्ट फोटो, सहीचा नमुना, साहेबांच्या लेटरहेडचं चित्र हे पंधरा-वीस केबीचं सगळं आजपण अटॅचमेंटमध्येच आहे आणि तिथं ते फील्ड एक नंबर चालतं. तांबडा आणि पांढरा दोन्ही लागतात की, फक्त एका वाटीत ओतायचे नाहीत.

गल्लीतल्या एका सीएंच्या पोरानं फाइलमेकर दाखवलं होतं. त्यात कंटेनर फील्ड असतं आणि ते म्हणतं आत ठेवू का, नुसता संदर्भ ठेवू का, का बाहेर ठेवून मी स्वतः सांभाळू. तो तिसरा प्रकार खरंच भारी आहे, फाइल डिस्कवर सुटी राहते पण हिशोब डेटाबेस ठेवतो. अ‍ॅक्सेसमध्ये नेमकं हेच नाही, मी जे सगळं हातानं केलं ते तिथं आयतं मिळतं. पण तेवढ्यासाठी वेगळं लायसन्स घ्या हे साहेबांना सांगायची माझी हिंमत नाही.

बॅकअपचं बदललं ते सांगायचं राहिलं. आज डेटाबेस ३८ एमबी आहे, फायलींचा फोल्डर ६१ जीबी. आता दोन्ही एकदम घ्यावे लागतात, डेटाबेस दुपारी आणि फोल्डर रात्री असं केलं तर दुपारनंतरच्या फायली अनाथ होतात. पूर्वीचं ते एक फाइल उचलली की झालं, हे सुख गेलं. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा मी सीपीयू वरच्या मजल्यावर ठेवला, दोन हार्डडिस्क पिशवीत घालून राजारामपुरीत मेव्हण्याच्या घरी, आणि मामांनी कपाटाचे खालचे कप्पे आधीच रिकामे केलेले. त्या वेळी फक्त फर्निचर गेलं.

आणि हो, डेटाबेस सामाईक असेल तर केबलनंच जोडा, वायफायवर अ‍ॅक्सेसची मागची फाइल (जिच्यात सगळी टेबलं असतात ती) ठेवू नका, मधेच जोडणी तुटली आणि कोणी लिहीत असलं तर फाइल बिघडायची भीती असते. आमच्याकडं लाईटचा खेळ आहेच, म्हणून यूपीएस.

माझे तारे: मोठ्या स्कॅनसाठी अटॅचमेंट फील्डला पाचात दीड, लहान चित्रांसाठी साडेचार. हायपरलिंक फील्डला एक, तोपण निळ्या रंगाला. साधा टेक्स्ट रकाना, अर्धा पत्ता आणि रोजचा तपास या जोडीला चार, पाचवा तारा माणसं फोल्डरमध्ये बोटं घालतात म्हणून कापला.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून, साहेबांना तिथून फोन येतात, "अरे त्या अमक्याचं ८७ सालचं खरेदीखत पाठव, पाच मिनिटांत पुकारा होईल." काल असाच आला, नाव टाकलं, बटण दाबलं, फाइल उघडली, पाठवली, साहेबांचा अंगठा आला व्हॉट्सअ‍ॅपवर. रात्री तपास चालवला तर तीन ओळी लाल. दोन सापडल्या, मॅडमच्या डेस्कटॉपवर होत्या. तिसरी १९६० ची सनद आहे, मामा म्हणतात मी हातपण लावला नाही, साहेबांना विचारायचं धाडस अजून केलेलं नाही.